क्षय

मराठीत याला क्षयच म्हणतात.
शिवडीला बसथांब्याच्या पाटीवर असायचा, तोच शब्द.
उतरताना लोक नुसतं ‘हॉस्पिटल’ म्हणत,
आणि कंडक्टर सुटे पैसे वरूनच तळहातावर सोडायचा.

माझे बाबा, दामोदर तांडेल, तिथे एक्स-रे काढायचे.
एकोणतीस वर्षं. लाल दिव्याची खोली, हायपोचा वास,
चिमट्यांना टांगलेल्या ओल्या प्लेटा.
कोळीवाड्यातली पोरं मला म्हणायची,
तुझा बापूस माणसांच्या छातीत जाळं टाकतो.

मी आता कुलाब्याच्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर,
एका फुटलेल्या ताऱ्याच्या जुन्या नोंदी चाळते.
तो फुटला एक लाख अडुसष्ट हजार वर्षांपूर्वी.
त्याचे न्यूट्रिनो निघाले ते कुठेच न अडखळता आले,
आणि साऱ्या पृथ्वीवर मिळून सापडले पंचवीसेक.
बेस्टच्या एका बसमध्ये बसून वर जागा उरेल.

वाटेत त्यातला एखादा झिजला असेल का?
झिजला असता तर मरताना ठिणगी टाकून गेला असता,
गॅमा किरणाची, डोळ्यांना न दिसणारी.
तेव्हा वर एक उपग्रह होता. त्यानं पाहिलं
दोनशे तेवीस सेकंद.
मग ठरल्या वेळेला तो स्वतःचीच तपासणी करत बसला.
त्या दोनशे तेवीस सेकंदांत
मी गेली चार वर्षं राहते.

एकदा वेळ आपल्या घड्याळात बदलून पाहिली.
तेवीस फेब्रुवारी सत्याऐंशी, सोमवार,
दुपारचे एक वाजून पाच.
म्हणजे बाबांची जेवणाआधीची शेवटची रांग.
शिशाचा एप्रन घालून ते काचेआड उभे असणार:
हनुवटी वर. खांदे पुढे.
श्वास घ्या. धरून ठेवा.
बोटाच्या प्रत्येक नखातून तेव्हा अब्जावधी गेले,
शिशातून, फिल्ममधून, त्या माणसाच्या पोखरलेल्या फुप्फुसातून,
खालच्या खाडीच्या चिखलातून, आणि पार पलीकडे.
प्लेटवर एक ठिपकाही नाही.
सोडा.

ठिणगी मिळाली नाही.
पण आमच्यात ‘नाही’लाही आकडा लावतात:
आयुष्य निदान इतकं तरी असणार,
नव्वद टक्के खात्रीनं.
फिरोजा म्हणाली, सही करून पाठवून दे,
नाहीतर त्या जपान्यांचं आधी छापून येईल.

रविवारी बाबांना सांगितलं. वय एकोणऐंशी,
मांडीवर पेपर, कोलंबी सोलत होते.
‘म्हणजे प्लेट साफ?’
साफ.
‘मग काय लिहिणार?’
की क्षय होत नाही.
त्यांनी कोलंबीचा धागा ओढून काढला, बोट पेपरला पुसलं.
‘असं नाही लिहायचं. एक पोरगा होता, गोदीतला,
कासम का कासीम. प्लेट आरशासारखी.
मी आपला खुशीत सांगून मोकळा झालो, काही नाही रे तुला.
गणपतीनंतर परत आला, तर वरचा कोपरा अख्खा पांढरा.
तेव्हापासून मी एवढंच म्हणायचो:
या प्लेटवर दिसत नाही.’

रात्री निबंधाचं शेवटचं वाक्य खोडलं.
इंग्रजीत ते तितकंसं नीट बसत नाही,
तरी बसवलं.

‘दुसरी प्लेट कधी काढणार?’ त्यांनी निघताना विचारलं होतं.
जवळचा एखादा तारा फुटला की.
‘आणि तो कधी?’
उद्या. नाहीतर शंभर वर्षांनी. कदाचित फुटलाही असेल,
बातमी वाटेवर असेल.
ते हसले. हसता हसता खोकले.
दोनदा. मग थोडं थांबून
आणखी एकदा.
मी चपला घालत होते,
मोजत नव्हते असं म्हणता येणार नाही.